हार्टचं ‘पंपिंग ३० टक्के’: ते का होतं आणि घरात आधी काय दिसतं

प्रश्न बारामतीजवळच्या एका गावातून आला आहे. मुलाने लिहिलंय ते थोडक्यात असं: “वडील ६३ वर्षांचे, एसटीतून चालक म्हणून निवृत्त. चार वर्षांपूर्वी अॅटॅक आला, पित्त समजून रात्र काढली, सकाळी दवाखान्यात नेलं, एक स्टेंट टाकली. वर्षभर गोळ्या घेतल्या, मग बरं वाटतंय म्हणून बंद केल्या. दोन महिन्यांपासून चालताना दम, पायांना सूज, रात्री खोकला. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणून खात होते. मागच्या आठवड्यात मध्यरात्री श्वासच घेता येईना, अॅडमिट करावं लागलं. डिस्चार्ज कार्डावर हार्ट फेल्युअर, पंपिंग ३० टक्के असं लिहिलंय. म्हणजे ७० टक्के हृदय बंद पडलं का? हे कशामुळे झालं? आधी कळलं असतं का? आणि वडील विचारतात, चंपाषष्ठीला जेजुरीला जाता येईल का?”

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तो आकडा वाचल्यापासून घरात कुणाला धड झोप लागली नसेल. नाही, ७० टक्के हृदय बंद पडलेलं नाही. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात प्रत्येक ठोक्याआधी साधारण १२० मिलिलिटर रक्त जमतं आणि ठोका पडला की त्यातलं ७० मिलिलिटरच्या आसपास पुढे ढकललं जातं. उरलेलं आतच राहतं, धडधाकट माणसाचंही राहतं. जमलेल्या रक्तातलं जेवढे टक्के पुढे जातं ते पंपिंग, आणि शंभर टक्के पंपिंग कुणाचंच नसतं. ५५ ते ७० असेल तर आम्ही नॉर्मल म्हणतो, ४० किंवा त्याखाली गेलं की हृदय अशक्त झालं असं धरतो. म्हणजे वडिलांचं पंपिंग असायला हवं त्याच्या साधारण निम्म्यावर आलंय. हे गंभीर आहे, यात शंका नाही. पण हा आकडा दगडावर कोरलेला नसतो. औषधं नीट चालली तर तीन-सहा महिन्यांत ३० वरून ४०-४५ वर आलेले रुग्ण मी नेहमी पाहतो. न वाढणारेही असतात, तेही सांगायला हवं.

‘फेल्युअर’ या शब्दाने फार घोटाळा केलाय. लोक त्याचा अर्थ ‘हृदय बंद पडणं’ असा घेतात. हृदय एकाएकी थांबतं त्याला कार्डियाक अरेस्ट म्हणतात. रक्तवाहिनी तुंबून हृदयाच्या स्नायूचा एखादा भाग मरतो तो हार्ट अॅटॅक. हार्ट फेल्युअरमध्ये हृदय चालूच असतं, पण शरीराला लागेल तेवढं रक्त त्याला पुढे ढकलता येत नाही, किंवा आतला दाब वाढवूनच ढकलता येतं. दवाखान्यात मी ‘हृदय थकलंय’ असं सांगतो. नातेवाईकांना ते लवकर समजतं आणि रुग्णाचा धीरही टिकतो.

मग पाय का सुजतात, छातीत पाणी का भरतं? हे समजून घ्या, कारण पुढचे सगळे उपचार यावरच उभे आहेत. हृदय थकलं की मूत्रपिंडांकडे कमी रक्त पोचतं. शरीराला वाटतं, कुठेतरी जखम होऊन रक्त वाहतंय, नाहीतर अंगातलं पाणी कमी झालंय. माणसाचं शरीर या दोन संकटांना तोंड द्यायला पिढ्यानपिढ्या तयार झालंय, थकलेलं हृदय त्याच्या हिशेबात नाही. म्हणून मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, ठोके वाढतात. सुरुवातीला याने निभावतं. पुढे तेच पाणी थकलेल्या हृदयावर बोजा होऊन बसतं आणि मागे तुंबायला लागतं. उजव्या बाजूचं तुंबलं की पायांत, पोटात, यकृतात उतरतं. डाव्या बाजूचं तुंबलं की फुप्फुसांत शिरतं. वडिलांना मध्यरात्री जे झालं ते हेच, फुप्फुसांत पाणी भरलं.

आता कारणं. तुमच्या सात-आठ ओळींतच तीन कारणं दिसतात, एकावर एक चढलेली.

पहिलं कारण चार वर्षांपूर्वीच्या त्या रात्रीत आहे. रक्तवाहिनी पूर्ण तुंबली की तिच्या हद्दीतला स्नायू तासागणिक मरत जातो. मेलेल्या स्नायूच्या जागी व्रण तयार होतो, तिथे नवा स्नायू उगवत नाही. स्टेंटने नळी मोकळी होते, पण तोवर मेलेला भाग परत येत नाही. पित्त समजून काढलेल्या रात्रीची किंमत बऱ्याचदा वर्षांनंतर अशी समोर येते, कारण उरलेला स्नायू जास्त काम करत करत ताणला जातो आणि हृदय हळूहळू पसरट, मोठं होतं. तुम्ही स्वतःला दोष देत असाल तर देऊ नका. जेवणानंतर छातीत जळजळ, थोडा घाम, एवढ्यावर भले भले फसतात. पण घरातल्या बाकीच्यांसाठी एवढं पक्कं लक्षात ठेवा: चाळिशी उलटलेल्या माणसाला छातीत, जबड्यात, डाव्या हातात किंवा पोटाच्या वरच्या भागात दाबल्यासारखं होतंय, घाम फुटलाय आणि पंधरा-वीस मिनिटांत थांबत नाहीये, तर तासाभराच्या आत ईसीजी निघाला पाहिजे.

दुसरं कारण म्हणजे गोळ्या बंद करणं. बरं वाटत होतं ते गोळ्यांमुळेच. बंद केल्या त्याच दिवशी काही झालं नाही, म्हणून वाटलं की गरज नव्हती. हृदयाचं ताणलं जाणं आतल्या आत चालू राहिलं.

तिसरं कारण गुडघ्याच्या गोळ्या, आणि यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण आमच्याकडे दर आठवड्याला यापायी कुणी ना कुणी अॅडमिट होतं. डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, एटोरिकॉक्सिब ही वेदनाशामकं मूत्रपिंडाला मीठ-पाणी धरून ठेवायला लावतात. लघवीच्या गोळीचा, म्हणजे साठलेलं पाणी लघवीवाटे काढणाऱ्या औषधाचा, परिणाम बोथट करतात. आधीच थकलेल्या हृदयाला आठ-दहा दिवसांचा डोसही पुरतो. ‘संधिवातावर रामबाण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत तर अनेकदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं, त्यानेही अंगात पाणी साठतं, शुगर आणि बीपी वाढतं. गुडघा दुखतो हे खोटं नाही, त्याला शेक, व्यायाम, डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात पॅरासिटामॉल, वरून लावायचं मलम असे मार्ग आहेत. पण मेडिकलच्या काउंटरवरून ‘दुखण्याची एक पट्टी द्या’ हे तुमच्या घरात आता कायमचं बंद.

तुमच्या घरात घडलं ते आपल्या देशात सर्रास घडतं. नॅशनल हार्ट फेल्युअर रजिस्ट्रीत देशभरातल्या ५३ रुग्णालयांमधल्या १०,८५१ रुग्णांची नोंद झाली. त्यांचं सरासरी वय ६० च्या आसपास होतं. साधारण ७२ टक्के लोकांमध्ये कारण एकच निघालं, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार. पाश्चात्त्य देशांत हेच दुखणं साधारण दहा वर्षं उशिरा येतं. आपल्याकडे कमावत्या वयात किंवा निवृत्तीच्या उंबरठ्यावर गाठतं.

पण अॅटॅक न येताही हृदय थकतं, आणि ती कारणं लोकांना कमी माहीत आहेत. सगळ्यात मोठं म्हणजे वर्षानुवर्षं वाढलेलं बीपी. जास्त दाबाविरुद्ध काम करून करून हृदयाची भिंत जाड होते, कडक होते. अशा हृदयाचं पंपिंग इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, ६० टक्केही येतं, आणि तरी जिना चढताना माणूस धापा टाकतो. आकुंचन चांगलं, पण सैल पडून भरून घेणं जमत नाही, असा तो प्रकार. वजन जास्त, जोडीला शुगर आणि बीपी, वय साठीकडे, अशा बायकांमध्ये हे खूप दिसतं. त्यांना ‘इको नॉर्मल आहे, वजन कमी करा’ एवढं सांगून घरी पाठवलं जातं आणि त्या बिचाऱ्या दम हा आपल्या आळसाचाच भाग समजतात. पंपिंग चांगलं म्हणून हार्ट फेल्युअर नाही, असं होत नाही. अशा वेळी हृदयावर ताण आहे का ते दाखवणारी एनटी-प्रोबीएनपी नावाची रक्ततपासणी कामाला येते.

तरुण रुग्ण आला की मी पहिल्यांदा झडपांचा विचार करतो. लहानपणी घसा धरतो, ताप येतो, दोन-तीन आठवड्यांनी एक सांधा सुजतो, मग दुसरा, मग आपोआप बरं होतं. घरचे विसरून जातात. तो संधिवाताचा ताप असतो आणि तो हृदयाच्या झडपेला डाग देऊन जातो. विशीत-पंचविशीत, बऱ्याचदा मुलगी गरोदर राहिल्यावर, शरीरातलं रक्त वाढतं आणि आकुंचन पावलेल्या झडपेतून ते पुढे सरकत नाही. तेव्हा पहिल्यांदा दम लागतो. ज्या मुलाला हा ताप येऊन गेलाय त्याला दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं द्यावं लागतं. स्वस्त औषध आहे, पण इंजेक्शन दुखतं म्हणून दोनदा चुकवलं जातं, मग थांबतंच. असा मुलगा तुमच्या ओळखीत असेल तर त्याच्या आईला हे जरूर सांगा.

बाळंतपणाशी जोडलेला आणखी एक प्रकार आहे. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतर पाच महिन्यांपर्यंत, आधी ठणठणीत असलेल्या बाईचं हृदय एकाएकी अशक्त होऊ शकतं. पायांना सूज, दम, रात्री झोपवत नाही, या सगळ्याला घरात ‘बाळंतिणीचा अशक्तपणा’ म्हटलं जातं आणि डिंकाचे लाडू वाढवले जातात. बाळंतीण आडवी झाल्यावर तिला श्वास पुरत नसेल तर त्याच दिवशी इको करा. वेळेत सापडलं तर यातल्या बऱ्याच जणींचं हृदय पूर्ववत होतं.

बाकीची कारणं भराभर सांगतो. रोजची दारू काही वर्षांत हृदय पसरवते, सोडली तर बऱ्यापैकी सुधारतं. छातीचे ठोके आठवडेच्या आठवडे अनियमित आणि वेगाने पडत राहिले तरी हृदय थकतं, आणि ठोके ताब्यात आले की सावरतं. कॅन्सरच्या काही औषधांनी, विशेषतः रुग्ण ज्याला ‘लाल सलाईन’ म्हणतात त्या डॉक्सोरुबिसिनने, स्नायूला इजा होऊ शकते, म्हणून उपचारांआधी आणि मध्ये इको करतात. हिमोग्लोबिन पाच-सहावर गेलेली बाई, थायरॉइडचा न ओळखलेला आजार, किडनीचा आजार, विषाणूच्या तापानंतर हृदयाला आलेली सूज, हेही पाहतो. वर्षानुवर्षं बिडी किंवा चुलीचा धूर घेतलेल्यांची फुप्फुसं खराब होऊन त्याचा भार हृदयाच्या उजव्या बाजूवर पडतो. आणि घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, किंवा दोघा भावंडांचं हार्ट मोठं निघालं असेल, तर आनुवंशिक कारण शोधावं लागतं. अशा घरातल्या सगळ्या सख्ख्या नातेवाइकांचा इको करून घेतलेला बरा.

तुमचा खरा प्रश्न पुढचा आहे: आधी कळलं असतं का? मनापासून सांगतो, बहुतेक घरांत कळू शकतं. हा आजार दवाखान्यात दिसण्याआधी घरात दिसतो. फक्त त्याला दुसरीच नावं दिली जातात. वय झालं, पित्त झालं, वजन वाढलं, थंडी बाधली.

सात-आठ वर्षांपूर्वीच्या एक काकू आठवतात, ५८ वर्षांच्या. सोबत दम्याचा पंप आणि पित्ताच्या गोळ्यांची पिशवी. दोन महिने खोकल्यावर उपचार चालू होते. मी विचारलं, “झोपता कशा?” त्या म्हणाल्या, “झोपते की.” मागे उभ्या असलेल्या सुनेने सांगितलं, “कुठलं! दिवाळीपासून आई कॉटवर आडव्याच झाल्या नाहीत. लोखंडी कपाटाला टेकून बसतात, मांडीवर उशी घेतात आणि त्या उशीवर डोकं टेकून डोळा लागतो तेवढाच.” मी काकूंच्या नडगीवर अंगठा दहा-पंधरा सेकंद दाबून धरला आणि उचलला. बोराएवढा खळगा पडला आणि तसाच राहिला. कण्हेरीच्या देठासारखी मानेतली शीर बसल्या जागीही फुगलेली दिसत होती. चार दिवसांच्या इंजेक्शनांनी त्यांच्या अंगातून सहा किलो पाणी गेलं. पाचव्या सकाळी राउंडला गेलो तेव्हा त्या एका उशीवर, कुशीवर झोपल्या होत्या आणि सून मला हातानेच खुणावत होती, उठवू नका. कपाटाची गोष्ट सुनेने सांगितली नसती तर मीही कदाचित छातीच्या फोटोपर्यंत थांबलो असतो.

तेव्हा घरच्यांनी काय बघायचं? आधी उशा मोजा. एका उशीवर झोपणारा माणूस दोन मागायला लागला, मग तीन, मग खुर्चीतच बसून राहतो, हे लक्षण फार बोलकं आहे. आडवं झाल्यावर पायातलं पाणी रक्तात परत येतं आणि छातीवर चढतं, म्हणून. त्याच कारणाने झोप लागल्यावर तासा-दोन तासांनी माणूस दचकून उठतो, पलंगाच्या कडेला पाय सोडून बसतो, खिडकी उघडायला सांगतो, आणि अर्ध्या तासाने बरं वाटतं. सकाळी तो स्वतःच म्हणतो, “स्वप्न पडलं असेल.” हे दोनदा झालं तर डॉक्टर गाठा. रात्री आडवं झाल्यावरच येणारा कोरडा खोकलाही याच कुळातला. तुमच्या वडिलांचा खोकला तोच होता, असं मला वाटतं.

दम किती लागतो यापेक्षा महिन्यापूर्वीच्या तुलनेत किती लागतो ते विचारा. मागच्या महिन्यात दूध आणायला न थांबता जात होते, आता वाटेत पारावर टेकतात का? अंघोळ करून आल्यावर बोलायच्या आधी श्वास घ्यावा लागतो का? खाली वाकल्यावर, चपलेचा पट्टा लावताना, देवापुढे रांगोळी काढताना, अर्ध्या मिनिटात गुदमरतं का? माणूस नकळत काम कमी करत जातो आणि म्हणतो, मला दमच लागत नाही. रुग्णाला विचारून हे कळत नाही, बघून कळतं.

सूज संध्याकाळी घोट्यापाशी सुरू होते. मोज्याची रेघ उठते, चपलेचा अंगठा घट्ट होतो, परकराची नाडी कमरेत रुतते. यकृत आणि आतडी पाण्याने जड झाली की दोन घास खाऊन पोट भरतं, उजव्या बरगडीखाली दडपल्यासारखं होतं, तोंडाची चव जाते. इथेच पित्ताच्या गोळ्या सुरू होतात. जोडीला हात-पाय गार, न सरणारा थकवा, रात्री तीन-चारदा लघवीला उठणं. खूप म्हाताऱ्या माणसांत दम-सूज काहीच नीट दिसत नाही. ती सुस्तावतात, असंबद्ध बोलतात, जेवण सोडतात.

प्रत्येक सूज हृदयाची नसते, हेही तितकंच खरं. बीपीच्या अॅम्लोडिपिन गोळीने घोटे सुजतात, तिथे गोळी बदलली की काम होतं. सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती आणि चेहऱ्यावर सूज असेल तर आधी लघवीची तपासणी करून किडनीकडे बघतो. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखत असेल तर शिरेत गुठळी असू शकते आणि तिला त्याच दिवशी दाखवावं लागतं. म्हणून सूज दिसली की शेजारच्यांची लघवीची गोळी आणून खाऊ नका. ईसीजी, छातीचा एक्स-रे, टू-डी इको, हिमोग्लोबिन, क्रिएटिनीन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी), सोडियम-पोटॅशियम, थायरॉइड, एवढ्या तपासण्यांत बहुतेक वेळा उलगडा होतो, आणि त्या तालुक्याच्या ठिकाणीही होतात.

आणि ही लक्षणं दिसली तर सकाळची वाट बघायची नाही: बसूनही दम, एक वाक्य सलग बोलता येत नाही, तोंडातून फेसाळ किंवा गुलाबी थुंकी, ओठ-नखं निळसर, छातीत दाब, चक्कर येऊन शुद्ध हरपणं, अंग गार पडून घामाने डबडबणं. १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत माणसाला आडवं करू नका. पलंगाच्या कडेला किंवा खुर्चीत पाय खाली सोडून बसवा, पाठीला उशा द्या, गर्दी हटवा, खिडकी उघडा, पाणी-चहा पाजत बसू नका.

आता तुमच्या घरात उद्यापासून काय. एक वजनकाटा घ्या. सकाळी उठल्यावर, लघवी करून, काही खाण्याआधी, तेवढ्याच कपड्यांत वडिलांचं वजन करा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या त्या तारखेच्या चौकटीत लिहा. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढलं तर ते पाणी आहे. पोळी-भाजीने इतक्या लवकर इतकं वजन वाढत नाही. सूज आणि दम येण्याच्या कितीतरी दिवस आधी हा आकडा बोलतो. त्या दिवशी फोन करून लघवीच्या गोळीचा डोस विचारला तर बऱ्याचदा अॅडमिशन टळतं. मी माझ्या रुग्णांना सांगतो, रोज इको करता येत नाही, वजन करता येतं.

मिठाबद्दल. दिवसभराचं सगळं मिळून एक चमचा, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत. भाजीतलं मीठ हा त्यातला एक भाग झाला. लोणचं, पापड, फरसाण, चटणी, खारे शेंगदाणे, बेकरीतली खारी आणि पित्तावर घेतलेली फसफसणारी पावडर, हे सगळं त्यात धरा. सैंधव चालतं का, हा मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. सैंधवही मीठच आहे, सोडियम तेच. बाजारात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम घातलेलं असतं, आणि वडिलांच्या काही गोळ्या पोटॅशियम वाढवतात, म्हणून ते विचारल्याशिवाय नको. रोजच्या शहाळ्याचंही तेच. पाणी किती प्यायचं ते सोडियम आणि सूज बघून तुमचे डॉक्टर ठरवतील, सगळ्यांना सारखं माप नाही.

गोळ्या. पंपिंग कमी असलेल्या हार्ट फेल्युअरमध्ये आज चार प्रकारच्या औषधांनी आयुष्य वाढतं, हे सिद्ध झालेलं आहे. सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन किंवा त्याच्या जागी रॅमिप्रिलसारखं औषध. बिसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल किंवा मेटोप्रोलॉल सक्सिनेट यांपैकी एक. स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन. आणि चौथं डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन, जे मूळचं शुगरचं, पण शुगर नसलेल्यालाही हृदयासाठी देतात. मघाशी सांगितलेला शरीराचा गैरसमज मोडायचं काम मुख्यतः हीच औषधं करतात. लघवीची गोळी साठलेलं पाणी काढते, ती आराम देते, पण हृदयाला सावरायचं काम या चारांचं. डिस्चार्ज कार्ड काढा आणि यातली कोणती आहेत, कोणती नाहीत, नसली तर का नाहीत, हे डॉक्टरांना सरळ विचारा. बीपी फार कमी, क्रिएटिनीन जास्त, पोटॅशियम जास्त, नाडी मंद, अशी योग्य कारणं असू शकतात. पण मघाच्याच रजिस्ट्रीत, ज्यांना त्या वेळच्या नियमांनुसार अशी औषधं द्यायला हवी होती त्यांच्यातल्या निम्म्यांनाही ती पूर्ण मिळालेली नव्हती, आणि एकूण रुग्णांपैकी १४ टक्क्यांहून थोडे जास्त ९० दिवसांत दगावले. हा आकडा घाबरवायला सांगत नाही. अॅडमिशननंतरचे पहिले तीन महिने सगळ्यात नाजूक असतात, म्हणून सांगतोय. या काळात दर पंधरा दिवसांनी दाखवा, डोस हळूहळू वाढवून घ्या, क्रिएटिनीन आणि पोटॅशियम तपासा. यातल्या बऱ्याच गोळ्या जन औषधी केंद्रात स्वस्तात मिळतात. पैशामुळे एखादी गोळी सोडावी लागणार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, लाजू नका. पर्याय निघतो. जुलाब-उलट्या लागल्या किंवा कडक उपवास असला तर लघवीची आणि डॅपाग्लिफ्लोझिनची गोळी त्या दिवशी घ्यायची का, हे फोनवर विचारून घ्या. फ्लू आणि न्यूमोनियाची लस द्या. बिडी, तंबाखू, मिश्री, दारू, काही असेल तर ते आता थांबलंच पाहिजे.

तीन महिने ही औषधं पूर्ण डोसला चालल्यावर इको पुन्हा करायचा. तोवरही पंपिंग ३५ किंवा त्याखालीच राहिलं तर ठोके अचानक बिघडून होणारा मृत्यू टाळण्यासाठी छातीत बसवायच्या यंत्राचा विचार करतात. ईसीजीत विशिष्ट दोष असेल तर हृदयाच्या दोन्ही बाजूंची लय जुळवणारा खास पेसमेकरही असतो. ते तेव्हा बोलायचं, आत्तापासून त्याची धास्ती नको.

आणि जेजुरी. वडिलांनी हा प्रश्न विचारला हे मला फार चांगलं वाटलं. ज्या माणसाला कुठेतरी जायचंय तो गोळ्या नीट घेतो. सध्या गडाच्या पायऱ्या नाहीत, गर्दीतलं ताटकळणं नाही. सूज उतरली आणि बसून दम लागत नसला की घरात, मग अंगणात, मग गल्लीत चालणं सुरू करा, पाच मिनिटांपासून, बोलता येईल इतक्याच वेगाने. दर आठवड्याला दोन-दोन मिनिटं वाढवा. तीन महिन्यांच्या इकोनंतर डॉक्टरांसमोर एक जिना चढून दाखवा. मध्ये न थांबता, वर पोचल्यावर बोलता आलं, वजन महिनाभर स्थिर आहे, तर गर्दीचा दिवस टाळून, सकाळच्या उन्हाआधी, टप्प्याटप्प्याने बसत चढायला बहुतेक डॉक्टर हो म्हणतील. चंपाषष्ठी त्याआधी आली तर यंदा पायथ्यावरून कळसाला हात जोडायचे, तळी घरी भरायची, आणि भंडारा तुम्ही वरून घेऊन यायचा.